गेलेला डोळा, न जाणारा ठणका
वाचकांचे प्रश्न, नेत्रशल्यचिकित्सकांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ६१ वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपूर्वी शेताच्या कुंपणाची तार ओढताना ती निसटली आणि तिचे टोक त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण नजर परत आली नाही. आता त्या डोळ्याला उजेडही कळत नाही. डोळा पांढुरका होऊन आत ओढला गेला आहे आणि गेल्या दीड वर्षापासून तो असा ठणकतो की दादा अर्धे डोके धरून रात्र रात्र ओट्यावर बसून राहतात. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडले ते वेगळेच. एका डॉक्टरांनी संपूर्ण डोळा काढावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्यांनी डोळ्याचे कवच ठेवून फक्त आतला भाग काढू आणि तिथे गोळा बसवू असे सांगितले. आई म्हणते की दोन्ही डोळ्यांची शीर एकच असते, एक तोडली की दुसराही जाईल. दादांचे म्हणणे असे की, “दिसत नसला तरी डोळा माझा आहे, मी अधुऱ्या देहाने जाणार नाही.” आम्ही काय करावे?
— एक मुलगी, सोलापूर जिल्हा

उत्तर : केवळ दृष्टी गेली म्हणून डोळा काढायचा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. अंध डोळा दुखत नसेल, त्यात गाठीची शंका नसेल आणि फक्त तो वेगळा दिसतो एवढीच तक्रार असेल, तर त्याच डोळ्यावर रंगवलेले पातळ कवच बसवून काम भागते. आपल्या दादांची तक्रार दिसण्याची नाही, ठणक्याची आहे. पाहण्याची शीर वेगळी आणि वेदना पोचवणारी शीर वेगळी असते. त्यामुळे पाहणारी शीर निकामी झाली तरी दुसरी शाबूत राहते आणि बुब्बुळाला, आतल्या पडद्यांना आलेली सूज रात्रंदिवस मेंदूला कळवत राहते. “दिसतच नाही तर दुखेल कसे?” असे घरातली माणसे नकळत बोलून जातात आणि रुग्ण गप्प बसतो. दादांचा ठणका खरा आहे.

शस्त्रक्रियेआधी काही साधे उपाय करून पाहतात. सूज उतरवणारे आणि बाहुली मोठी ठेवणारे थेंब देतात, डोळ्यातला दाब वाढलेला असेल तर तो कमी करणारी औषधे किंवा लेसर वापरतात, आणि काही वेळा डोळ्यामागे अल्कोहोलचे इंजेक्शन देऊन वेदनेची शीर बधिर करतात. इंजेक्शनाचा आराम बहुधा काही महिन्यांचा असतो. शस्त्रक्रियेला ज्यांची प्रकृती साथ देत नाही, त्यांच्यासाठी तो मार्ग चांगला आहे. दादांनी यातले काय करून पाहिले आहे, हे पत्रात नाही. थेंब आणि औषधे मनापासून घेऊनही दीड वर्ष झोप मिळालेली नसेल, तर आणखी वाट पाहण्यात मला हित दिसत नाही.

आता दोन डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन शस्त्रक्रियांविषयी. पहिलीत डोळ्याला हलवणारे सहा स्नायू डोळ्यापासून सोडवून, मागची दृष्टीची शीर कापून संपूर्ण नेत्रगोल बाहेर काढतात. दुसरीत पुढचे बुब्बुळ बाजूला करून आतला सगळा भाग खरवडून काढतात आणि पांढरे कवच, त्याला चिकटलेल्या स्नायूंसह, जागेवरच ठेवतात. दुसरीत ऊतींची ओढाताण कमी होते आणि स्नायू आपल्या मूळ जागी राहतात, म्हणून पुढे कृत्रिम डोळ्याची हालचाल साधारणपणे अधिक चांगली मिळते. मात्र तिला एक अट आहे. ज्या डोळ्याच्या आत डोकावता येत नाही, त्या डोळ्यात एखादी गाठ लपलेली नाही याची खात्री सोनोग्राफीने आधी करून घ्यावीच लागते. ही तपासणी दुखत नाही, मिटलेल्या पापणीवर जेल लावून काही मिनिटांत होते. ती झाली का, हा प्रश्न आपण दुसऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारावा. गाठीची शंका राहिली किंवा डोळा पूर्णपणे आक्रसून गेलेला असला, तर पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर ठरते. दोघांपैकी कोणी आपल्याला चुकीचे सांगितले आहे, असे पत्रावरून मला वाटत नाही. सोनोग्राफी निर्दोष आली तर माझे स्वतःचे मत कवच राखण्याकडे झुकेल.

आईंची भीती गावोगाव ऐकू येते आणि तिच्यात थोडे तथ्य मिसळलेले असल्यामुळेच ती टिकून आहे. दोन्ही डोळ्यांच्या शिरा एकमेकींना भेटतात हे खरे. पण त्या भेटतात खोबणीच्या बाहेर, खूप मागे, मेंदूच्या तळाशी. डोळा काढताना शीर त्याच्या कितीतरी पुढे, खोबणीच्या आतच कापली जाते, त्यामुळे उजव्या डोळ्याच्या शिरेला धक्का लागत नाही. कवच राखणाऱ्या शस्त्रक्रियेत तर ती कापण्याची वेळच सहसा येत नाही.

मात्र एका डोळ्यामुळे दुसरा डोळा धोक्यात येण्याचा एक खरा विकार आहे, आणि तो शस्त्रक्रियेपेक्षा जखमेशी अधिक निगडित आहे. डोळा भोसकला गेला की एरवी शरीराच्या संरक्षक यंत्रणेपासून झाकलेले आतले घटक तिच्यासमोर उघडे पडतात, ती त्यांना परके समजू लागते आणि मग तेच घटक असलेल्या निरोगी डोळ्यावरही हल्ला करते. लुई ब्रेल यांच्या बाबतीत असेच घडले असे सांगितले जाते. पॅरिसजवळच्या कूव्रे गावात, १८१२ मध्ये, तीन वर्षांच्या लुईच्या एका डोळ्यात वडिलांच्या कारखान्यातली चामडे भोसकण्याची आरी घुसली. विकार दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो मुलगा दोन्ही डोळ्यांनी अंध झाला. त्या काळी उपाय नव्हता, आज स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आहेत. हा विकार मुळात फार विरळा आहे आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के लोकांना तो इजेनंतर वर्षाच्या आत होतो. दादांच्या इजेला चौदा वर्षे झाली, म्हणून केवळ या भीतीपोटी डोळा काढण्याचा निर्णय घेऊ नये. तो अनेक वर्षांनी झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून उजवा डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, जवळचे वाचताना अचानक अडखळायला लागणे, यांतले काहीही दिसले, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

आता गोळ्याविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. आत बसवला जाणारा गोळा आणि बाहेरून दिसणारा कृत्रिम डोळा या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. मोठ्या माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि खोबणीत तो साधारण ७ मिलिलिटर, म्हणजे चहाचा दीड चमचा जागा व्यापतो. ती जागा रिकामी ठेवली तर वरच्या पापणीवर खड्डा पडतो, पापणी लोंबते आणि ती पोकळी भरण्यासाठी जाडजूड कृत्रिम डोळा घालावा लागतो. त्याच्या वजनाने खालची पापणी वर्षानुवर्षे ताणली जाऊन अखेरीस डोळा जागेवर राहीनासा होतो. अशी पापणी घेऊन वीस वर्षांनी आलेले रुग्ण मी तपासले आहेत, आणि पहिल्याच शस्त्रक्रियेत गोळा बसवला असता तर त्यांचे बरेचसे हाल टळले असते, असे प्रत्येक वेळी वाटते. २० मिलिमीटरचा गोळा सुमारे ४ मिलिलिटर जागा भरतो आणि २२ मिलिमीटरचा साडेपाच. उरलेली जागा बाहेरच्या पातळ कृत्रिम डोळ्यासाठी ठेवायची असते.

१८८५ च्या सुमारास मँचेस्टरच्या फिलिप हेन्री म्यूल्स यांनी डोळ्याच्या रिकाम्या कवचात काचेचा पोकळ गोळा बसवला, तिथून ही कल्पना रुजली. आज सिलिकॉनचे आणि अॅक्रिलिकचे गुळगुळीत गोळे मिळतात, तसेच ज्यांच्या छिद्रांतून रक्तवाहिन्या वाढून आत शिरतात असे सच्छिद्र गोळेही मिळतात. त्यांतला एक प्रकार समुद्रातल्या पोवळ्यापासून बनतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील आर्थर पेरी यांनी तो वापरात आणला. सच्छिद्र गोळा महाग असतो, आणि तो बसवता आला नाही म्हणून घरात हळहळ व्यक्त होते. ती नसावी. योग्य मापाचा साधा गोळा, त्यावर नीट ओढून घेतलेले स्नायू आणि दोन थरांत ताण न देता घातलेले टाके मिळाले, तर हालचालीत मोठा फरक पडत नाही, आणि वरची त्वचा विरून गोळा उघडा पडण्याची तक्रार गुळगुळीत गोळ्यात तुलनेने कमी आढळते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी कोणता डोळा, हे दादांच्याच तोंडून वदवून घेऊन कपाळावर शाईची खूण केली जाईल. तीन-तीन जण तोच प्रश्न विचारतील, त्याचा राग मानू नये. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, किंवा डोळ्यामागे बधिर करून आणि गुंगी देऊन होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगाव्यात. शेवटी पापण्यांमागे प्लास्टिकची पारदर्शक चकती ठेवतात, म्हणजे नंतर बसवायच्या कृत्रिम डोळ्याची जागा आक्रसत नाही. ही चकती निसटून पडली तर घाबरू नये; धुऊन, डबीत घालून रुग्णालयात आणावी, पण ‘नंतर बघू’ म्हणत आठवडा घालवू नये. पहिले दोन-तीन दिवस नवा ठणका आणि मळमळ असते, ती गोळ्यांनी आटोक्यात येते. जुन्या ठणक्यापासून बहुतेकांची सुटका होते, आणि “किती वर्षांनी सलग झोप लागली” हे वाक्य मी पहिल्या तपासणीला पुष्कळदा ऐकलेले आहे.

पट्टी निघण्याच्या दिवसाची घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती असते, कारण सगळ्यांच्या मनात एका काळ्या भोकाचे चित्र असते. प्रत्यक्षात पापण्या उघडल्या की आपल्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूसारखी ओलसर गुलाबी त्वचा दिसते, एवढेच. नातवंडांनाही ते आधी सांगून ठेवावे.

सहा ते आठ आठवड्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर कृत्रिम डोळा करायचा. ठरावीक मापांच्या तयार डोळ्यांतून त्यातल्या त्यात बसणारा निवडणे स्वस्त पडते, पण शक्य असेल तर माप घेऊन केलेलाच करावा. दातांची कवळी करताना घेतात तसा खोबणीचा ठसा घेतात, त्यावरून मेणाचा नमुना करून तो पापण्यांमागे बसवून पाहतात, आणि मग कारागीर दादांना उजेडाकडे तोंड करून समोर बसवून, त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहत पाहत बुब्बुळाचा तपकिरी रंग थराथराने चढवतो. पांढऱ्या भागावरच्या बारीक शिरांसाठी लाल रेशमी धाग्याचे तंतू सुटे करून चिकटवतात. लोक अजून ‘काचेचा डोळा’ म्हणतात, पण आपल्याकडे आता तो बहुधा अॅक्रिलिकचा असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारे काचेचे डोळे बंद पडले, तेव्हा अमेरिकी लष्करातल्या दंतवैद्यकाच्या लोकांनी कवळीचेच साहित्य वापरून ते करायला सुरुवात केली. हा डोळा रोज काढून धुण्याची गरज नसते. धुताना साबण आणि कोमट पाणी पुरे. स्पिरिट किंवा उकळते पाणी लावल्यास त्याला तडे जातात. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावे.

दादांचे वाक्य मी दोनदा वाचले. त्यांची समजूत काढण्यासाठी काही लपवून सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण फसवून भूल दिलेला माणूस नंतर स्वतःच्या चेहऱ्याशी जुळवून घेऊ शकत नाही. कवच राखणारी शस्त्रक्रिया झाली तर डोळ्याची भिंत आणि स्नायू दादांचेच राहतील, हे त्यांना खरेपणाने सांगता येईल. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. १९०५ मध्ये, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स येथे एदुआर्द झिर्म यांनी माणसाच्या डोळ्यावर बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्याचे पहिले यशस्वी रोपण केले, तेव्हा चुन्याने अंध झालेल्या एका मजुराला मिळालेला पडदा हा लोखंडाचा तुकडा शिरल्यामुळे काढाव्या लागलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातला होता. दादांचा डावा पडदा पांढरा झालेला असल्याने तो कोणाला देता येणार नाही, पण उजव्या डोळ्याच्या मरणोत्तर नेत्रदानाचा अर्ज ते आजही भरू शकतात.

खर्चाबाबत शस्त्रक्रिया, गोळा आणि बाहेरचा कृत्रिम डोळा, असे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत, कारण तिसरा पुष्कळदा अंदाजपत्रकात नसतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याच्या अंधत्वाचे प्रमाण ३० टक्के धरले जाते आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, हे माहीत असलेले बरे. म्हणजे प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालण्याआधी विचार करता येईल.

प्रश्न : माझ्या मुलीचा उजवा डोळा ती दोन वर्षांची असताना दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे काढावा लागला. आत गोळा आहे, बाहेर कृत्रिम डोळा आहे. आता ती चार वर्षांची आहे. तो डोळा अलीकडे गोल फिरतो, आणि परवा शाळेत बाईंसमोर निघून पडला. शस्त्रक्रिया बिघडली का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही, आपली मुलगी वाढते आहे. खोबण आणि पापण्या मोठ्या झाल्या की जुना कृत्रिम डोळा सैल होतो, फिरतो आणि पडतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण पाच वर्षांनी बदलतात; या वयात तो बराच लवकर वाढवून किंवा नवा करून घ्यावा लागतो. मात्र आतली गुलाबी त्वचा फाटून पांढरा गोळा दिसत असेल, स्राव पिवळा-हिरवा व दुर्गंधी असेल किंवा रक्त येत असेल, तर कारागिराकडे नव्हे, शल्यचिकित्सकांकडे जावे. बाईंना एकदा घरी बोलावून डोळा कसा काढायचा आणि बसवायचा हे दाखवावे, शाळेत एक डबी ठेवावी. घरी धुताना बेसिनच्या भोकावर टॉवेल अंथरावा. नळाखाली निसटून मोरीत गेलेल्या डोळ्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून मोठी आहे.

दोन गोष्टी मात्र कृत्रिम डोळ्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. या कर्करोगाचे काही प्रकार आनुवंशिक असतात, म्हणून डाव्या डोळ्याच्या ठरलेल्या तपासण्या एकही चुकवू नयेत आणि धाकटे भावंड असेल तर त्याचेही डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्यावेत. दुसरी गोष्ट, नंबर असो वा नसो, मुलीला दिवसभर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, चश्मा घालायला लावावा. तिच्याकडे एकच डोळा आहे आणि मैदानात चेंडू कुठूनही येतो.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझा डोळा काढून गोळा बसवला. जखम उत्तम भरली आहे. तरीही काढलेल्या बाजूला मला कधी ठिणग्या, कधी रंगीत नक्षी दिसते. घरात सांगितले तर वेडात काढतील म्हणून लिहीत आहे. शिवाय चहा ओतताना तो हमखास बशीत सांडतो.
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : गुरुजी, आपल्याला काहीही झालेले नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेली बोटे खाजतात, तसेच हे आहे. डोळ्याकडून येणारे संदेश थांबले तरी मेंदूतले पाहण्याचे केंद्र जागेच असते आणि ते स्वतःहून चित्रे काढते. असे अनेकांना होते, बहुतेकांना काळाने कमी होते, आणि जवळजवळ सगळेच जण आपल्यासारखे ते लपवून ठेवतात. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवावे. मात्र काढलेल्या डोळ्याच्या जागी ठणका असेल तर तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी तपासणी हवी. ठिणग्या उरलेल्या डोळ्यात दिसत असतील, तर त्याच दिवशी दृष्टिपटल तपासून घ्यावे.

चहा सांडतो, कारण अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवून येतो. मेंदू दुसऱ्या खुणा शिकतो, पण त्याला काही महिने लागतात. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमधल्या मोटार अपघातात गेली. त्याच डिसेंबरात ते पहिला कसोटी सामना खेळले आणि १९६२ च्या जानेवारीत मद्रासला त्यांनी शतक केले. आपण किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओतावे. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीला रंगीत पट्टी लावून घ्यावी. जेवायला बसताना आणि रस्त्याने चालताना गेलेल्या बाजूला घरचे माणूस असू द्यावे, आणि मान त्या बाजूला जरा जास्त वळवण्याची सवय लावावी. स्कूटर मात्र इतक्यात बाहेर काढू नये. पुढच्या तपासणीला उरलेल्या डोळ्याची नजर आणि बाजूचे दिसणे दोन्ही मोजून घ्यावे, आणि परवान्याचे काय ते परिवहन कार्यालयात विचारूनच ठरवावे.